भाद्रपदात ऐकलेला निरोप

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडिलांना सही येते, तीही अडखळत. मी लढाईवर गेलो नाही, चळवळीत तुरुंगातही गेलो नाही. ज्यांनी यातलं काही केलं त्यांनी लिहावं आणि माझ्यासारख्यानं वाचावं, हेच शोभलं असतं. पण आमच्या कॉलेजच्या अंकाचं काम पाहणारे मराठीचे सर म्हणाले, "युद्धाच्या काळात तुम्ही जे काम केलंत ते या वर्गात दुसऱ्या कुणी केलेलं नाही. जमेल तसं लिहा." म्हणून लिहितो. कुठं शब्द चुकला तर हसू नये.

मी युद्धात ऐकण्याचं काम करत होतो.

मलाया शत्रूच्या हाती गेल्याचं दुसरं वर्ष होतं. भाद्रपद चालू होता. दिवेलागणीच्या सुमाराला मी हेडफोन लावून बसलो होतो आणि पूर्वेकडचं शत्रूचं स्टेशन मराठीत बोलत होतं. बातम्या संपल्या. मग निवेदक म्हणाला, "आता आमच्याकडे सुखरूप असलेल्या आपल्या बांधवांचे निरोप ऐका." मी पेन्सिल बदलली. नावं येऊ लागली. सातारा जिल्हा, रत्नागिरी जिल्हा. मग आवाज बुडाला, वर आला, आणि मी ऐकलं: "परशराम... पाटील... तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव." पुढचा निरोप पुन्हा बुडाला. दोन शब्द हाती लागले, "घरी" आणि "सुखरूप". मग दुसरं नाव सुरू झालं.

माझी पेन्सिल चालत राहिली. हात थांबवायचा नाही, ही सवय लागली होती. पण कानात घाम आला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव परशराम दत्तू पाटील. गाव नंदगडच्या पलीकडे, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. पलटणीबरोबर मलायात गेले आणि तिथून 'बेपत्ता' एवढाच एक शब्द घरी आला.

आता हे काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

विलायतेतल्या एका सरकारी खात्यानं बेळगावच्या कॅम्पात एक बंगला घेतला होता. परदेशची स्टेशनं आपल्या लोकांसाठी मराठी, कानडी, हिंदुस्थानीत बोलत. ते आम्ही ऐकायचं, शब्दाला शब्द उतरून घ्यायचं, इंग्रजी करायचं, आणि तारेनं वर पाठवायचं. शत्रूच्या मनात काय आहे हे वरचे लोक त्यावरून ताडत. आम्ही ताडायचं नाही. आम्ही नुसते कान. गावात तर त्या बंगल्याला 'कानाची कचेरी'च म्हणत. स्टेशनवरचा टांगेवाला विचारायचा, "कानाच्या कचेरीत व्हय? बसा. मोठ्यानं बोलाय नगं न्हवं?"

बेळगावच का, तर गोवा जवळ. गोवा पोर्तुगीजांचा, आणि पोर्तुगाल त्या युद्धात नव्हतं. त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंच्या बातम्या येत. ती वर्तमानपत्रं लोंढ्यावरून रेल्वेनं आमच्याकडे येत आणि मिनेझिस नावाचे एक वयस्क गोवेकर ती वाचून काढत. आमचे सुपरिंटेंडेंट रेगे साहेब. त्यांच्यावर एक इंग्रज मोठे साहेब, ते आपल्या खोलीतून क्वचितच बाहेर येत.

मी इंटर पास होऊन पुढं शिकायची सोय नाही म्हणून या नोकरीला लागलो. पहिल्या दिवशी रेगे साहेबांनी एकच नियम सांगितला. "जो शब्द ऐकू आला नाही, तिथं तीन टिंबं द्यायची. अंदाजानं शब्द भरायचा नाही. कितीही सोपा वाटला तरी नाही. मिस्टर घाडी, टिंबांची लाज वाटून घेऊ नका. मनानं भरलेला शब्द म्हणजे खोटा शब्द."

आणि एका कागदावर सही करून घेतली होती, की इथं ऐकलेलं इथंच राहील. घरच्यांनाही सांगायचं नाही.

त्या संध्याकाळी मी टिंबं दिली. 'परशराम ... पाटील' असं लिहिलं. मधल्या टिंबांच्या जागी 'दत्तू' हा शब्द इतका बरोबर बसत होता, की तो लिहिला नाही एवढं एकच काम मी त्या नोकरीत नीट केलं असं मला आजही वाटतं.

ऐकताना एक यंत्र मेणाच्या नळीवर आवाज उतरवून ठेवी. शंका आली की नळी पुन्हा लावून ऐकायची. मी ती लावली. हवेत बुडालेला आवाज मेणातही बुडालेलाच होता. पुन्हा लावली. मिनेझिस आपलं वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होते.

"घाडीबाब, नळी झिजेल. काय मिळालं, नाटकातलं पद?"

मी त्यांना सांगितलं. कचेरीतल्या कचेरीत सांगायला बंदी नव्हती. ते हसायचे थांबले आणि मला घेऊन रेगे साहेबांच्या टेबलापाशी गेले.

रेगे साहेबांनी माझं उतरलेलं वाचलं. "परशराम पाटील. खानापूर तालुक्यात किती असतील?"

"पुष्कळ असतील साहेब." आमच्याकडे यल्लम्माची भक्ती. तिच्या मुलाचं नाव परशराम. ज्या घरात नवस, त्या घरात एक परशराम असतोच. पाटील तर गावोगाव.

"मग?"

"साहेब, त्यांच्या घरी सर्वपित्री अमावस्येला पुतळ्याचं दहन करणार आहेत."

रेगे साहेब मुंबईचे. त्यांना मला समजावून सांगावं लागलं. माणूस परमुलखात गेला, परत आला नाही, देहही मिळाला नाही, तर त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग दिवस घालतात. बायकोच्या बांगड्या फोडतात. त्यानंतर तो माणूस परत आला तरी तो गावाला मेलेलाच. पुन्हा बारसं केल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत.

"इतकी घाई कशाला करतात?"

"घाई नाही साहेब. आक्काचे सासरे म्हणतात, पोरगं मेलं असलं तर त्याला पाणी नाही. तहानलेलं फिरतंय. बापानं किती दिवस बघत बसायचं?"

मिनेझिस आपल्या टेबलावरून एक जुनं कात्रण घेऊन आले. गोव्याच्या एका पोर्तुगीज वर्तमानपत्रातली काळ्या चौकटीतली सूचना होती. एका बोटीवरच्या खलाशाच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना आहे, असं त्याच्या घरच्यांनी छापलं होतं. त्याचं प्रेत शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्याला लागलं होतं, तिथून सुटून आलेल्या लोकांनी ओळखलं होतं. आणि त्याच माणसाचं नाव पुढं याच स्टेशननं 'सुखरूप' म्हणून वाचलं होतं.

"मेलेल्याच्या खिशातलं पुस्तक," मिनेझिस म्हणाले. "नाव असता, गाव असता, बापायचं नावय असता. ते वाचलं की झालं."

हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येक शिपायाजवळ, खलाशाजवळ पगाराचं एक लहान पुस्तक असतं, त्यात त्याचं नाव-गाव असतं. शत्रूच्या हाती प्रेत लागलं की पुस्तकही लागतं. आपल्या माणसाचं नाव येईल या आशेनं लोक शत्रूचं स्टेशन रोज ऐकतात, आणि नावाच्या आधी बातम्याही ऐकाव्या लागतात. त्यासाठी ते स्टेशन मेलेल्यांचीही नावं वाचतं का, हे मोठ्या साहेबांना कधीचं ठरवायचं होतं.

म्हणजे मी 'दत्तू' हा शब्द ऐकला असता तरी त्यावरून काही ठरत नव्हतं.

"निरोपात काय होतं?" रेगे साहेबांनी विचारलं. "पुस्तकात नसेल असं काही?"

"निरोप बुडाला."

"ते स्टेशनवाले उद्या दुपारी रेडिओच्या दुसऱ्या पट्ट्यावर तेच निरोप पुन्हा लावतात. तुमची पाळी नाही. तरी बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसलो. शेजारी दुसरा हेडफोन लावून रेगे साहेब स्वतः बसले. ते कधी बसत नसत. यावेळी नाव जवळजवळ पूर्ण गेलं, नुसतं 'पाटील' आणि 'खानापूर' आलं. पण निरोप स्वच्छ आला. शहरी उच्चाराचा तो निवेदक कागदावरून वाचत होता: "घरी सर्वांना नमस्कार. मी सुखरूप आहे. बांधावरच्या फणसाला फळ धरलं का? पहिलं फळ देवाला द्यावं, मग घरात खावं."

आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहिलं होतं. कागद शेजारी ठेवले. शब्द तेच.

"हे कुठल्या पुस्तकात नसतं," रेगे साहेब म्हणाले. "तुमच्या बहिणीच्या शेतात फणस आहे?"

"साहेब, खानापूर तालुक्यात फणस नाही असा बांध दाखवावा लागेल."

ते उठून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मी खिडकीपाशी उभा राहिलो. मिनेझिस वाचतोय असं दाखवत होते, पण पान उलटत नव्हते. रेगे साहेब बाहेर आले ते चष्मा पुसत.

"साहेब म्हणतात, निरोप खरा की बनावट हे तपासायला एक माणूस पाठवायला हरकत नाही. त्या तालुक्यातला माणूस असलेला बरा. तुम्ही जा. पण सही केली आहे ती लक्षात ठेवा. तुम्ही काही सांगायचं नाही. फक्त विचारायचं. कळलं?"

"विचारल्यावर त्यांना कळणार नाही का, साहेब?"

"त्यांना काय कळेल ते त्यांचं. तुमच्या तोंडून प्रश्नच निघाला पाहिजे."

नंदगडपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार होती. पेट्रोल मिळत नसे. चढाला ती थांबली की आम्ही उतारू खाली उतरून ढकलायचो. नंदगडापासून पुढं मी चालत गेलो. भात पोटरीला आलं होतं. वाटेवर मी प्रश्न घोकत होतो, परीक्षेला जावं तसा.

आक्काच्या अंगणात पळसाची पानं सूपभर वाळत घातली होती. ती बघून मी दारातच थांबलो. आक्काचे सासरे दत्तूमामा सोप्याला बसून सुतळी वळत होते. पुतळा बांधायला लागते ती.

"या पावणं," ते म्हणाले. "बरं झालं आलासा. सांगावा धाडणारच हुतो. अमावस्येला मेव्हण्यानं असाय पायजे."

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी पाणी प्यालो आणि ते घशाखाली उतरायच्या आत म्हणालो, "आक्का, बांधावर फणस हाय काय गं तुमच्या? फळ धरलं का त्याला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "दोन कोस चालून फणस इचाराय आलास? भादव्यात कुठला फणस?"

"हाय का न्हाय तेवढं सांग."

"हाय की. मी लावल्याला. लग्नाच्या वर्षी."

"त्याचं पहिलं फळ..." इथं मला थांबावं लागलं, कारण पुढं गेलो असतो तर ते सांगणं झालं असतं. "पहिल्या फळाचं काय ठरल्यालं हाय काय?"

दत्तूमामा म्हणाले, "पावणं, काय इचारूलालासा? कचेरीनं आता फणसं मोजाय धाडलं व्हय?"

पण आक्काच्या हातातला तांब्या कलता झाला होता. पाणी जमिनीवर सांडत होतं आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"मी इचारतोय, आक्का. मी काय सांगितलं न्हाय."

"पहिलं फळ देवाला. मग घरात." ती अगदी हळू बोलत होती. "झाड लावताना ह्येच बोलल्याले. दोघंच हुतो आम्ही बांधावर. मामांस्नी बी ठावं न्हाय."

दत्तूमामांच्या हातातली सुतळी थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. ते कानाच्या कचेरीचं नाव ऐकून होते. सगळा तालुका ऐकून होता.

"शंकर," त्यांनी मला पहिल्यांदाच पावणं न म्हणता नावानं हाक मारली. "माझं पोरगं जित्तं हाय?"

माझ्या तोंडून 'व्हय' निघत होतं. पण मला तर तेही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की हा निरोप दाजींचाच.

"मामा, मला बोलाय बंदी हाय. सही केलीया. मी निस्तं इचाराय आलोय. अजून एक इचारतो. अमावस्या पुढं ढकलली तर चालंल काय?"

म्हातारा रडला. आवाज न करता, सुतळी हातात धरून. मग दत्तूमामा उठले, पळसाच्या पानांचं सूप उचललं आणि गोठ्यात नेऊन माळ्यावर सारलं. टाकून दिलं नाही. वर ठेवलं.

मी निघालो तेव्हा आक्का बांधापर्यंत आली. फणस चांगला वाढलेला होता, दोन माणसांइतका उंच. झाडावर फळ नव्हतं. ती वर बघत उभी राहिली.

"ह्ये कवा बोलल्यात त्ये?"

मी मान हलवली. सांगायचं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिचा प्रश्न माझ्या ध्यानातच आला नाही. मी ऐकलं कधी, असं ती विचारते आहे असं मी समजलो.

"बरं, र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "सही मोडू नगंस."

कचेरीत मी रिपोर्ट दिला. निरोप अस्सल, पुस्तकातला नव्हे, घरच्यांखेरीज कुणाला माहीत नसलेली खूण त्यात आहे. रेगे साहेबांनी त्याला व्याकरणाच्या दोन दुरुस्त्या केल्या आणि वर पाठवला. वरून उत्तर आलं, काम चांगलं झालं, यापुढं खूण असलेले निरोप वेगळे काढावेत. मिनेझिसनी त्या दिवशी मला चहा पाजला. "घाडीबाब, तुमी आता फणसाचे स्पेशालिस्ट." मला त्या उत्तराचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

त्यानंतर त्या नावाचा निरोप कधी आला नाही. मी रोज ऐकत होतो. दुसऱ्यांचे आले, त्यांतले काही अस्सल निघाले. पण परशराम पाटील, तालुका खानापूर, पुन्हा नाही.

आक्काच्या घरी मी सणावाराला जात राहिलो. बांगड्या तशाच होत्या. संक्रांतीला ती बायकांत बसून वाण लुटायची. काही बायका तिच्याकडं बघून कुजबुजत, पण दत्तूमामांच्या तोंडावर कुणी बोलत नसे. ते गावात सांगत, "पोरगं हाय. लढाई सरली की येतंय." मी काही सांगितलेलं नव्हतं, पण त्यांच्याजवळ सगळं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत आली होती. आक्का रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन बांधावर जायची आणि फणसाच्या बुडाला घालायची. आधी दक्षिणेकडं तोंड करून उभी राहायची, मग घालायची. खानापूरच्या पावसात वाढलेल्या झाडाला! तिची सासू चेष्टा करायची, "माझ्या सुनंनं फणसाचं बाळ केलंया. उद्या अंगडं शिवंल." आक्का हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. मी एकदा म्हणालो, "आक्का, मुळं आता पार खाली गेल्यात. तुझा तांब्या त्यास्नी कुठं पुरतोय?" ती म्हणाली, "तू कचेरीतलं सांगतोस काय मला? मग मी बी झाडाचं सांगणार न्हाय."

लढाई संपली. कचेरी बंद झाली. यंत्रं पेट्यांत भरून गेली, मेणाच्या नळ्या कुणालाच नको होत्या म्हणून फोडून टाकल्या. रेगे साहेब मुंबईला गेले, मिनेझिस गोव्याला. साठवलेल्या पगारावर मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. मलायातून सुटलेले कैदी बोटीनं येऊ लागले. दत्तूमामा प्रत्येक मोटारीच्या वेळी नंदगडला जाऊन उभे राहत.

एक दिवस मोटारीतून एक अनोळखी माणूस उतरला आणि त्यानं त्यांनाच विचारलं, "परशराम पाटलाचं घर कुठं?"

तो निपाणीकडचा. बाबू चौगुले नाव. अंगावर पलटणीतला जुना कोट, आत माणूस नसल्यासारखा लोंबत होता. मी तेव्हा योगायोगानं आक्काकडंच होतो. चौगुले सोप्याला बसला, पाणी प्यायला आणि रिकामा तांब्या हातात फिरवत राहिला. काय बातमी आणलीय ते त्यावरूनच कळलं.

"एकाच बराकीत हुतो," तो म्हणाला. "आधी मी निपाणीला घरी जाऊन आलो, मग हिकडं आलो. उशीर झाला, माफी करा."

"कवा?" दत्तूमामांनी विचारलं.

"ताप आलता. औषध न्हवतं. वैशाखाची पुनव झाल्यावर. आम्ही चांद बघून महिने मोजत हुतो."

"कुठल्या सालची?"

"पकडल्याच्या दुसऱ्या सालची. मीच माती दिली."

मी हिशेब केला. त्याच सालातला वैशाख. आम्ही निरोप ऐकला तो त्यानंतरच्या भाद्रपदात. मी घाईघाईनं म्हणालो, "पण दाजींचा निरोप आला होता. रेडिओवर. फणसाचा." आता सही कुणासाठी पाळायची?

"व्हय, आम्ही सगळ्यांनीच दिलता," चौगुले म्हणाला. "कॅम्पातल्या पहारेकऱ्यांनी चिठ्ठ्या लिहून घिऊन न्हेल्या. पर ते माघात. त्यांनी कवा वाचल्या, वाचल्या का न्हाय, आमास्नी कळलं न्हाय."

माघ. फणसाला फळ धरतं ते माघात. ज्येष्ठात पिकतं. भाद्रपदात झाडावर काहीच नसतं, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. 'फळ धरलं का' असं माणूस माघातच विचारील. मी शेतकऱ्याचा मुलगा. रेगे साहेबांनी आणि मी ते वाक्य शब्दाला शब्द बरोबर उतरवलं होतं. आमच्या फॉर्मवर कोणत्या दिवशी ऐकलं, कोणत्या पट्ट्यावर ऐकलं, आवाज किती स्वच्छ होता, या सगळ्याला रकाने होते. कधी बोललं, याला नव्हता. खरं की खोटं एवढंच आम्ही तपासलं.

दत्तूमामा भिंतीला टेकले. "म्हंजे तवापास्नं माझं पोरगं तान्हेलंय. मी पुतळ्याची पानं माळ्यावर टाकली आणि गावभर सांगत सुटलो. पोराला घोटभर पाणी दिलं न्हाय."

चौगुले खाली बघत होता. मी तर बोलायलाच नको होतं.

आक्का दारात उभी होती. ती आत आली आणि सासऱ्यांसमोर बसली.

"न्हाय मामा. तान्हेलं न्हाईत."

"काय म्हनतीस?"

"फळ धरलं का म्हून शंकरनं भादव्यात इचारल्यालं, तवाच मला कळलं, सांगावा जुना हाय. माघातला. मदी काय झालं आसंल कुणास ठावं? जित्तं असतील म्हून बांगड्या ठिवल्या. नसतील म्हून रोज पाणी घातलं. त्यांचं नाव मनात घिऊन. एक दीस चुकीवला न्हाय."

"मग तवा का बोलली न्हाईस, पोरी?"

"शिळी म्हून भाकरी टाकून देत्यात व्हय, मामा? तुमी ती खाऊन जगत हुतासा."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सासू चुलीपाशी तोंडात पदर घेऊन बसली होती. फणसाच्या बाळाची चेष्टा तीच करायची.

पुढच्या अमावस्येला नंदगडचे भटजी आले. माळ्यावरची पानं भुगा झाली होती, नवी आणावी लागली. ती आक्कानं स्वतः आणली. पुतळा मी बांधला, मेव्हण्यानं असायला पाहिजे म्हणून. चौगुले पुन्हा निपाणीहून आला आणि शेवटपर्यंत थांबला. आक्कानं बांगड्या दुसऱ्या कुणाला फोडू दिल्या नाहीत. बांधावर गेली आणि स्वतःच्या हातांनी काढून फणसाच्या बुडाशी ठेवल्या.

कुणी पुढं अशा कचेरीत नोकरीला लागलं तर माझ्या अनुभवातून एवढंच सांगू शकतो. न ऐकलेल्या शब्दाच्या जागी टिंबं द्यावीत, हा नियम चांगला आहे, तो पाळावा. आणि ऐकलेला शब्द पूर्ण असला, स्वच्छ असला, अस्सल असला, तरी तो कधीचा आहे हे आधी विचारावं. मला ते आक्कानं बांधावर विचारलं होतं. त्याचं उत्तर बाबू चौगुल्याबरोबर नंदगडच्या मोटारीनं आलं: परशराम दत्तू पाटील माघात बोलले आणि वैशाखात गेले.